कूपनलिका-सज्जता (पूर्णा खोरे)

खोदाई संपल्यावर विहिरीतून पाणी, तेल वा वायू नियमित काढता यावा म्हणून करावी लागणारी कामे. वऱ्हाडात तेलविहिरी नाहीत. पण अकोला, अमरावती जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात कूपनलिकेपुढे तेलविहिरीचाच प्रश्न उभा राहतो : भोक अनेक थरांतून जाते आणि त्यांतले मोजकेच थर उघडे ठेवायचे असतात.

दक्षिणेकडे पातूर, बार्शीटाकळीच्या काळ्या पाषाणात काम लवकर आटोपते. माती व मुरूम संपेपर्यंत केसिंग (भिंतीला आधार देणारी नळी) उतरवून त्याचे बूड कठीण खडकात घट्ट बसवतात; खालचे भोक उघडेच राहते. केसिंगचे चार फूट वाचवायला गेले की मुरूम ढासळून मोटार अडकते.

पूर्णेच्या गाळात चिकणमाती, वाळू, गोटे असे थर एकाखाली एक असतात आणि आधाराविना भिंत टिकत नाही. त्यामुळे भोक चिखलपाण्याने भरलेले ठेवून रोटरी रिगने खोदतात. नळ्या उतरवण्याआधी आत उपकरण सोडून थरांचा विद्युतरोध मोजतात व त्याचा खोलीवार आलेख काढतात. गोड्या पाण्याच्या वाळूचा रोध जास्त, खाऱ्या पाण्याच्या वाळूचा कमी. चिकणमातीचाही कमीच भरतो; म्हणून खोदताना वर आलेले नमुने खोलीवार जपले नसतील तर आलेख फसवतो.

मग गोड्या थरासमोर जाळीची नळी आणि इतरत्र साधी नळी येईल अशा बेताने जोडणी उतरवतात. नळी व भिंत यांमधील पोकळीत धुतलेली बारीक खडी भरतात, खाऱ्या थराशी चिकणमातीचे किंवा सिमेंटचे बूच मारतात. हे बूच खरे कळीचे. ते कच्चे राहिले तर खारे पाणी नळीच्या बाहेरून उतरून गोड्या थरात शिरते, आणि नुकसान एका शेतापुरते राहत नाही.

त्यानंतर कंप्रेसरने हवा सोडून भिंतीवरचा चिखलाचा लेप व बारीक वाळू बाहेर काढतात. पाणी नितळ आले की बोअर तयार झाली असे समजतात, पण क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. पंप सलग चालवून पातळी किती उतरते आणि खारेपणा वाढतो का, हे तपासावे लागते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची भारतीय मानकातील मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे; दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालते.

मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रात (शोध १९७४, उत्पादन १९७६) थर निवडण्याची रीत उलटी असते. केसिंग आधी सिमेंटने पक्के करतात, मग तेलाच्या थरासमोर स्फोटक भारांनी त्याला भोके पाडतात. चुनखडकात आम्ल सोडून वाटा रुंद करतात. तेल-वायू दाबाखाली असल्याने विहिरीच्या तोंडावर झडपांचा संच बसवावा लागतो. पूर्णाकाठी त्याची गरज नाही.

जिथे तळापर्यंत पाणी खारेच आहे तिथे या साऱ्याचा उपयोग होत नाही. अकोट, तेल्हारा भागातील खारपाणपट्ट्याच्या गावांसाठी म्हणूनच वान धरणावर ८४ खेडी पाणीपुरवठा योजना उभारावी लागली.