गिरणगावातल्या कामकरी बायका
मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी सूतगिरणीची कंपनी काढली. पुढे गिरण्यांत बायका आल्या, पण त्यांची जागा ठरून गेली: वाइंडिंग (सूत गुंडाळण्याचे) आणि रीलिंग (सुताच्या लडी करण्याचे) ही खाती. तिथे मजुरी उक्ती. माग आणि मागावरची चांगली कमाई पुरुषांकडे. बायकांवर देखरेख नायकिणीची, म्हणजे बाई मुकादमाची. १८९१ च्या कायद्याने त्यांचा कामाचा दिवस ११ तासांवर आणला, १९२९ च्या मुंबईच्या कायद्याने बाळंतपणाचा भत्ता मालकांवर घातला. हक्क रास्तच होते. पण खर्च नको म्हणून मालक बायकांची भरती टाळू लागले, नव्या यंत्रांनीही त्यांची कामे गिळली. गिरणीबाहेर खानावळवाल्या घरच्या चुलीवर कामगारांना जेवू घालत. हे श्रम कुठल्याच मस्टरवर चढले नाहीत, हा मोठा अन्याय. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या खानावळवाल्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले.