असमान हार्ड डिस्क आणि घरगुती रेड रचना : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

घरातील कागदपत्रे, छायाचित्रे व लग्नकार्याचे चित्रीकरण हार्ड डिस्कवर साठविण्याची पद्धत वर्धा शहराप्रमाणेच आर्वी, देवळी, हिंगणघाट यांसारख्या गावांतही रूढ झाली आहे. कुटुंब मात्र सारख्या आकाराच्या डिस्क एकदम विकत घेत नाही. जुना संगणक निकामी झाला की त्यातील 500 गीगाबाइटची डिस्क काढून ठेवली जाते. पुढे 1 टेराबाइटची आणि नंतर 2 टेराबाइटची येते. 2011 मध्ये थायलंडमधील महापुराने डिस्कचे कारखाने बंद पडून जगभर किमती चढल्या, तेव्हा ही जपणूक शहाणपणाचीच ठरली. या असमान डिस्क एकत्र कशा वापराव्यात, हा प्रश्न समजून घेण्यासाठी रेड पद्धतीच्या इतिहासाकडे वळणे आवश्यक ठरते.

रेड पद्धतीचा उगम

1988 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी शिकागो येथील परिषदेत आपला निबंध मांडला. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकाच्या अनेक स्वस्त डिस्क जोडाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अडचणही त्यांनीच दाखवून दिली. एक डिस्क सरासरी 30,000 तास टिकत असेल, तर अशा 100 डिस्कच्या समूहात सरासरी 300 तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत, कोणती तरी एक बिघडणार. म्हणून जादा नोंद ठेवण्याचे पाच प्रकार त्यांनी सांगितले. पहिल्या प्रकारात संपूर्ण नक्कल ठेवली जाते. पाचव्या प्रकारात पॅरिटी नावाची पडताळणी-नोंद सर्व डिस्कवर विखुरलेली असते. खतावणीतील एक रक्कम पुसली गेली तरी बेरीज व उरलेल्या रकमा यांवरून ती काढता येते, तसेच हे होय. नावातील ‘स्वस्त’ या शब्दाची जागा पुढे ‘स्वतंत्र’ या शब्दाने घेतली; उत्पादकांना तो अधिक सोयीचा वाटला असावा.

या मांडणीत सर्व डिस्क सारख्या असल्याचे गृहीत होते. घाऊक खरेदी करणाऱ्या संस्थेला ते लागू पडते, घराला नाही. वर उल्लेखिलेल्या तीन डिस्कवर पाचवा प्रकार योजल्यास प्रत्येकीचे फक्त 500 गीगाबाइट उपयोगात येतात. एकूण 3.5 टेराबाइटपैकी वापरास 1 टेराबाइट मिळते आणि 2 टेराबाइट जागा पडून राहते.

असमानतेवरील उपाय

2005 मध्ये अनरेड, 2007 मध्ये ड्रोबो आणि 2011 मध्ये स्नॅपरेड ही साधने याच उणिवेतून आली. सिनॉलॉजीच्या संकरित पद्धतीत डिस्कचे थर पाडून प्रत्येक थराची वेगळी रचना केली जाते. अनरेड व स्नॅपरेडमध्ये सर्वांत मोठी डिस्क पॅरिटीसाठी राखली जाते. मार्ग भिन्न असले तरी फलित एकच आहे : एका डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण हवे असल्यास एकूण जागेतून सर्वांत मोठी डिस्क वजा करावी लागते. येथे 1.5 टेराबाइट उरते. ड्रोबोची रचना मात्र बंदिस्त होती. तिच्या मालक कंपनीने 2022 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा पेटी बिघडल्यास डिस्क वाचाव्यात कशा, हा पेच ग्राहकांपुढे उभा राहिला. असमान डिस्क सामावून घेणारी सोय त्यांना एकाच उत्पादकाशी बांधूनही ठेवत होती.

स्थानिक परिस्थिती

2005 नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. पाचव्या प्रकारात माहिती लिहिली जात असताना वीज गेल्यास मूळ नोंद बदललेली व पॅरिटी जुनीच, अशी विसंगती राहू शकते. पुढे डिस्क बिघडली की तिच्यावरून चुकीची माहिती उभी राहते. म्हणून इन्व्हर्टर किंवा यूपीएसचा खर्च या रचनेच्या खर्चातच धरला पाहिजे. नवतप्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या या जिल्ह्यात अनेक डिस्क एका बंद पेटीत अहोरात्र फिरत ठेवणेही हितावह नाही.

याहून गंभीर मर्यादा वेगळी आहे. रेड पद्धती यंत्राच्या बिघाडापासून वाचविते, माणसाच्या चुकीपासून नाही. पुसलेली फाइल सर्व प्रतींतून त्याच क्षणी पुसली जाते. या संदर्भात सेवाग्रामशी निगडित एक उदाहरण बोलके आहे. गांधीजींचे समग्र वाङ्मय 1958 ते 1994 या काळात इंग्रजीत 100 खंडांत प्रसिद्ध झाले. 1936 नंतरची सेवाग्राममधील पत्रेही त्यात आहेत. पुढे सुधारित आवृत्ती निघाली आणि तिच्यावर आधारित सीडी 1999 मध्ये आली. तिच्यात मजकूर गळल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिल्यावर शासनाने 2005 मध्ये ती आवृत्ती मागे घेतली. सीडीच्या कितीही प्रती काढल्या असत्या तरी गळलेला मजकूर परत आला नसता. तो सापडला ग्रंथालयांतून विखुरलेल्या जुन्या छापील खंडांत.

घरगुती निवड

वरील तीन डिस्कच्या बाबतीत गणित विलक्षण सोपे आहे. 500 गीगाबाइट व 1 टेराबाइटच्या डिस्कवरील सर्व मजकूर 2 टेराबाइटच्या डिस्कवर उतरविला, तरी उपयुक्त जागा 1.5 टेराबाइटच मिळते. म्हणजे पॅरिटीने येथे काहीच वाचत नाही. उलट साधी नक्कल कोणत्याही संगणकावर वाचता येते आणि काम संपताच मोठी डिस्क काढून दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवता येते. 2 टेराबाइटची चौथी डिस्क आल्यावर हे चित्र पालटते : पॅरिटीने 3.5, तर जोड्या लावून केलेल्या नकलांनी 2.5 टेराबाइट जागा मिळते. तेव्हा क्वचित बदलणाऱ्या छायाचित्रांसाठी स्नॅपरेडचा विचार करावा, कारण त्यात प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे वाचता येते. सातबारा व खरेदीखताच्या प्रती मात्र तेव्हाही घराबाहेरील डिस्कवर असाव्यात.