पानिपतची स्मृती

पानिपतची स्मृती : पानिपतच्या तिसऱ्या लढाईतील (१४ जानेवारी १७६१) मराठ्यांच्या पराभवाचे महाराष्ट्रीय समाजमनात टिकलेले व काळानुसार अर्थ बदलत गेलेले स्मरण.

मराठा सेनापती सदाशिवरावभाऊ व पेशव्यांचे पुत्र विश्वासराव यांच्यासह एक पिढी या रणांगणावर संपली. भाऊंच्या मृत्यूविषयी संशय राहिला. पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही, आणि भाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाला अनुयायी मिळाले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांचे तोतयाचे बंड हे नाटक याच प्रकरणावर आहे.

बखरकारांनी पराभवाचा अर्थ दैवगती म्हणून लावला व युद्धाला महाभारतातील युद्धाची उपमा दिली (पहा : बखर वाङ्मय). वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. १७५० ते १७६१ या काळातील पत्रव्यवहार त्यामुळे अभ्यासकांपुढे आला आणि चर्चा दैवाकडून रसद, नेतृत्व व राजकारण यांकडे वळली. त्र्यं. शं. शेजवलकरांनी (इंग्रजी ग्रंथ १९४६, मराठी १९६१) परकीय आक्रमणाविरुद्धचा हिंदुस्थानव्यापी लढा अशी मांडणी केली. विश्वास पाटलांच्या पानिपत (१९८८) कादंबरीने भाऊंची प्रतिमा घरोघरी पालटली. इतिहासग्रंथांना ते तितकेसे साधले नव्हते.

‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार मात्र अजूनही दारुण पराभवाचाच अर्थ देतो. हरियाणातील रोड समाजातील अनेकजण स्वतःला पानिपतातून वाचलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. पानिपतजवळील काला आंब स्मारकावर १४ जानेवारीस शौर्यदिन पाळला जातो (पहा : सदाशिवरावभाऊ).