खळे, वही आणि खाते

वर्धापनदिनाच्या अंकात घरखर्चावर लेख आला म्हणजे त्यात काटकसरीच्या चार सूचना असावयाच्याच. शहापूर-मुरबाडच्या बाईला काटकसर शिकविण्याचे धाडस माझ्यात नाही. मला लिहावयाचे आहे ते निराळ्या गोष्टीबद्दल. घरातली देणी वर्षाच्या कोणत्या दिवशी फिटतात आणि तो दिवस कोण ठरवितो, याचा आपल्या भागापुरता थोडा इतिहास भगिनींपुढे ठेवावा, इतकाच हेतू आहे.

पूर्वी देणी फिटत ती खळ्यावर. भात झोडून रास लागली की न्हावी, सुतार, लोहार यांचा वर्षाचा वाटा तेथेच मोजून दिला जाई. घाटावर हा बलुत्याचा व्यवहार जितका घट्ट बांधलेला होता तितका कोकणपट्टीत नव्हता. तरी रीत तीच. तीत एक शहाणपण होते. घर भरलेले असे त्याच दिवसांत देणे फिटे. कणगी भरली असता चार पायल्या गेल्या तर बाईच्या पोटात खड्डा पडत नसे.

पण म्हणून त्या खळ्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याच राशीतून कुळाचा खंड जाई आणि त्याच राशीतून सावकाराचे भातही जाई. श्रावण-भाद्रपदात खावटीसाठी उचललेले धान्य दिढीने परत करावयाचे, म्हणजे एक मण नेले तर दीड मण. ते मागावे लागत नसे. रास लागण्यापूर्वीच सावकाराचा माणूस खळ्यावर येऊन बसे. आज आपण ज्याला आपोआप वजावट म्हणतो ती आपल्या आज्यांना चांगली ठाऊक होती म्हणावयाची! फरक इतकाच की वही सावकाराच्या घरी आणि तिच्यातला अंगठा आपल्या माणसाचा. त्या वहीत काय लिहिले आहे हे घरातल्या बाईला कोणी वाचून दाखवीत नसे. पुढे 1948 चा कूळकायदा झाला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, 1976 मध्ये वेठबिगारी कायद्याने बंद झाली, तेव्हा कोठे त्या वहीची पकड सैल होऊ लागली.

घरात रोख पैसा नियमाने येऊ लागला तो नोकरीमुळे. रेल्वे कसाऱ्यापर्यंत 1861 मध्येच आली होती (मुरबाडला ती अद्याप पोचलेली नाही, हे दुखणे येथे उगाळीत नाही). टपालखात्याने मनिऑर्डर 1880 मध्ये सुरू केली. ज्या घरचा माणूस मुंबईला वा रेल्वेत कामाला, त्या घरची बाई पोस्टमनची वाट पाही आणि मनिऑर्डर आली की वाण्याची उधारी चुकती करी. वही वाण्याचीच, पण पैसे बाईच्या हातून जात, आणि मागल्या महिन्याचे तेल दोनदा मांडले आहे की काय, हे ती तोंडावर विचारी.

20 जून 1960 रोजी राज्य वीज मंडळ स्थापन झाले. 2005 पासून त्याचे वीजवाटपाचे काम महावितरणकडे आहे. गावोगाव दिवे आले, आणि दिव्याबरोबर बिल आले. या कागदावरची तारीख सुगी जाणत नाही आणि आगोटही जाणत नाही. खळ्याचा हिशेब वर्षाचा होता, हा महिन्याचा झाला.

त्यानंतरचा बदल आपल्या डोळ्यांदेखत झाला. ऑगस्ट 2014 मध्ये जनधन योजना आली व पाड्यापाड्यांतल्या बायांच्या नावे खाती निघाली. मे 2015 मध्ये सुरक्षा विमा आणि जीवनज्योती विमा सुरू झाले. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्यातल्या बहुतेकींच्या आयुष्यातली पहिली आपोआप वजावट हीच. सुरक्षा विम्याचे प्रथम वर्षाला 12 रुपये कापले जात, जून 2022 पासून 20 रुपये. अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळावयाचे. विम्याचे वर्ष 1 जूनला सुरू होते, म्हणून पैसे कापले जातात ते मेच्या अखेरीस.

मेची अखेर म्हणजे आपल्याकडे काय, हे येथे कोणाला सांगावयास नको. बियाणे, खत, छपराचा कागद, मुलांची पुस्तके, आगोटीचे मीठमिरची. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वहिनींनी घरधन्याच्या खात्यातले होते नव्हते तेवढे याच दिवसांत काढून आणले. मागे 13 रुपये राहिले. आषाढात लावणी चालू असता त्यांच्या घरधन्याला बांधावर सर्प चावला आणि तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत सारे आटोपले. सर्पदंश या विम्यात बसतो. कागद घेऊन आम्ही चौघी वहिनींबरोबर बँकेत गेलो. तेथील बाबूंनी पासबुक चाळले व 20 रुपये कापले गेले नसल्याची ओळ दाखविली. त्यांचे काही चुकले नव्हते. वहिनी एवढेच म्हणाल्या, “मला कोणी सांगितले असते तर मी एक नारळ कमी आणला असता.”

हे 20 रुपये मार्गशीर्षात कापावयाचे असते तर ते नक्की कापले गेले असते. तारीख आपल्याला बदलता येत नाही. पैसे मात्र आधी ठेवता येतात. आमच्या आळीत आता भातखरेदीचे पैसे खात्यावर आले की त्यातले 500 रुपये मेसाठी म्हणून हात न लावता ठेवतात. एका वर्षी वजावट चुकली तरी पुन्हा अर्ज करून विमा चालू करता येतो, हेही त्या बँकेतच कळले.

वीजबिल, फोन आणि विम्याचे हप्ते आपोआप भरण्याची सोय आज मोबाईलवर आहे. यूपीआयवरील अशी सोय 2020 पासूनची. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा की, कार्ड वा यूपीआयवरून ठरलेली रक्कम कापण्यापूर्वी निदान 24 तास आधी खातेदाराला तसे कळवावे, आणि दिलेली संमती त्याला केव्हाही मागे घेता यावी. सावकाराच्या वहीत असले कलम नव्हते! पण तो संदेश जातो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा भिवंडीला कामावर. तेव्हा खात्याला कोणाचा नंबर जोडला आहे ते आधी पाहावे. वीज तोडण्यापूर्वी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते; ती कोणत्या फोनवर येते हेही त्याबरोबरच पाहावे.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला मंडळात यंदा वाणाऐवजी वह्या वाटल्या. एका पानावर देण्याचे नाव, दुसऱ्यावर कापण्याची तारीख व रक्कम. येत्या मेच्या बैठकीस प्रत्येकीने ती वही आणि घरातल्या साऱ्यांची पासबुके बरोबर आणावी. वहिनी येणार आहेत; त्यांच्या सुनेचे खाते नवे निघाले आहे.