काळा धूर

परवा गावी गेलो तर चुलतभावाने हौसेने नवा ट्रक दाखवला. काकाही काठी टेकत आले. त्यांनी आयुष्यभर कोल्हापूर-मुंबई ट्रक चालवला. जवळ जाऊन त्यांनी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोट जवळजवळ स्वच्छ!

लहानपणी काका घरी आले की त्यांचा रुमाल काळा झालेला असायचा. काळा धूर म्हणजे गाडीत दम, अशी आमची समजूत! डिझेलच्या धुराने फुफ्फुसाचा कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठामपणे सांगितलं ते २०१२ साली. तोवर काका निवृत्त झाले होते. खोकला मात्र नाही झाला...

आपल्याकडे युरोपच्या धर्तीवरचे नियम आले २००० साली. पुढचा प्रत्येक टप्पा आधी मोठ्या शहरांत, मग देशभर. मुंबईत बीएस-४ आलं २०१० ला, बाकी देशात २०१७ ला. पण ट्रक काय एका गावात राहतो? बाहेर डिझेल भरायचं आणि मुंबईत धूर सोडायचा!

खरी मेख डिझेलमध्येच होती. त्यातलं गंधक धूर साफ करणारी यंत्रणा निकामी करतं. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालायचं, बीएस-४ मध्ये ५०, बीएस-६ मध्ये फक्त १०. म्हणजे ट्रकच्या आधी रिफायनऱ्या सुधारायला हव्यात. २०१६ च्या जानेवारीत सरकारने पाचवा टप्पा गाळून थेट सहावा जाहीर केला आणि १ एप्रिल २०२० पासून तो देशभर एकदम लागू झाला.

आता फिल्टर काजळी अडवून जाळतो. युरियाचं पाणी धुरात फवारलं की नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि वाफ होते. भाऊ कुरकुरत होता, युरियाचा खर्च, फिल्टरचा दिवा लागला की गाडी उभी करा... त्याचंही खरंच आहे.

काका मध्येच म्हणाले, "हे आधी जमलं नसतं का रे?"

युरोपात १० भाग गंधकाचं डिझेल २००९ पासूनच सक्तीचं होतं. पण ते काकांना सांगायचा धीर झाला नाही.

परतताना घाटात पुढे एक जुना ट्रक भकाभका धूर सोडत चालला होता. मी पटकन काच वर केली. काकांच्या ट्रकची काच कायम खाली असायची.

असो.