१८ डिसेंबर : लोहगावहून दाबोळीकडे
१९६१ : गोवामुक्तीसाठी ‘ऑपरेशन विजय’ सुरू. पुण्यात, दिघी-भोसरीच्या शेजारच्या लोहगाव हवाई तळावरून निघालेल्या १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातील दाबोळी विमानतळाच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. टर्मिनलला धक्का लावायचा नाही, असा सक्त हुकूम होता. कॅनबेराच्या आधीच्या, जुन्या लिबरेटर बॉम्बफेकी विमानांत बिनतारी संदेशांसाठी स्वतंत्र माणूस असे; कॅनबेरात वैमानिक आणि नॅव्हिगेटर, दोघेच. निशाणा धरायला नॅव्हिगेटर विमानाच्या काचेच्या नाकात पालथा पडे, आणि वैमानिकासारखी इजेक्शन सीट त्याला नव्हती! अशा नॅव्हिगेटरांची नावे आपल्याकडे क्वचितच घेतली जातात, ती घ्यायला हवीत. त्याच दिवशी बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हल्ला चढवला.