घण, छिन्नी आणि विद्यार्थी

आपल्यापैकी बरीच मंडळी रविवारी सकाळी बुकित तिमाच्या टेकडीवर फिरायला जातात. पायथ्याच्या हिंदहेड उद्यानात उंच कड्याखाली एक हिरवट तळे दिसते. ती ग्रॅनाइटची जुनी खाण. पुलाऊ उबिन बेटावरही अशीच तळी आहेत. १८५१ मध्ये उजळलेल्या हॉर्सबर्ग दीपगृहाचा दगड त्याच बेटावर चिनी पाथरवटांनी घडवला. १९९९ मध्ये उबिनची शेवटची खाण बंद झाली आणि तिथला दगडफोडीचा धंदा संपला.

मी नागपूरला खाणशास्त्र शिकलो आणि पुढे बोगद्यांच्या कामावर इथे आलो. त्यामुळे ही तळी पाहिली की मला खाणशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या एका स्पर्धेची आठवण होते. तिच्यात संगणक नसतो, असते फावडे.

२ मे १९७२ रोजी अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील सनशाइन या चांदीच्या खाणीत आग लागली. ज्वाळांपेक्षा कार्बन मोनॉक्साइडने घात केला. ९१ कामगार गेले. आठवडाभराने दोघेच जिवंत सापडले. त्या ९१ जणांच्या स्मरणार्थ १९७८ मध्ये महाविद्यालयीन संघांची ही स्पर्धा सुरू झाली. पुढे ऑस्ट्रेलियातील कालगुर्ली आणि इंग्लंडमधील कॅम्बोर्न येथील विद्यार्थीही तिच्यात उतरू लागले.

फावड्याने वाघिणी भरून रुळांवरून ढकलायची, रूळ जोडायचे, करवतीने लाकूड कापायचे, परातीत वाळू धुऊन धातूचे कण शोधायचे, जुन्या धाटणीच्या यंत्राने मोजणी करायची, असे तिचे प्रकार. मला सर्वात आवडतो तो हाताने भोक पाडण्याचा. एका हातात पोलादी पहार, दुसऱ्यात घण. प्रत्येक घावानंतर पहार किंचित फिरवावी लागते, नाहीतर भोक गोल राहत नाही आणि पहार अडकते. आतला भुगा पाण्याने धुऊन काढायचा. नुसत्या ताकदीचे इथे काही चालत नाही, मनगटाची लय लागते. आमच्या शिक्षणात हे सारे पुस्तकातल्या आकृतीपुरते होते!

आपल्याकडेही दुर्घटना झाल्याच. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास माणसे गेली. खाण-कामगारांच्या बचाव पथकांच्या स्पर्धा भारतात होतात, पाठीवर श्वसनयंत्र बांधून. पण घण आणि पहारीचे म्हणाल तर महाराष्ट्रात वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रस्ते, धरणे आणि रेल्वेसाठी दगड फोडला. त्या मनगटाला कुणी चषक दिला नाही. ज्याला पोटासाठी हे करावे लागते त्याला त्यात खेळ दिसत नाही, हे विसरून या स्पर्धेचे कौतुक करू नये असे मला वाटते.

तरीही ही कला निकामी झाली असे म्हणवत नाही. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तराखंडात सिल्क्यारा येथे बांधकामाधीन बोगदा कोसळला आणि ४१ कामगार आत अडकले. आडवे भोक पाडणारे परदेशी यंत्र ढिगाऱ्यातील लोखंडात अडकून मोडले. जेमतेम दहा-बारा मीटर उरले होते. तेव्हा बोलावले ते उंदराच्या बिळासारखे खणणारे मजूर. कोळशासाठी असे खणण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने मेघालयात २०१४ मध्ये बंदी घातली होती, आणि तीही कामगारांच्या जिवाच्या काळजीने! पाऊण-एक मीटर व्यासाच्या नळीत ते रांगत शिरले. एकाने खणायचे, दुसऱ्याने माती-दगड भरायचे, बाहेरच्यांनी दोरीने गाडी ओढायची, पुन्हा रिकामी आत. २८ नोव्हेंबरला संध्याकाळी ते पलीकडे पोहोचले आणि त्याच रात्री ४१ च्या ४१ बाहेर आले.